वादळाचे बारसे करणारा कप्तान

सप्टेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा. दिग्रसच्या आसपास सोयाबीन सोंगणीला आले होते. कुणाचे सोंगून शेतातच ढीग लागलेले, कुणाचे अजून उभे. पऱ्हाटीची खालची बोंडे फुटू लागलेली. आणि नेमका तेव्हाच पाऊस लागला. असा तसा नव्हे, दिवसरात्र कोसळणारा. त्याच दिवसांत सूर्य हस्त नक्षत्रात गेलेला, त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या माणसांनी हत्ती लागला असे म्हणून स्वतःची समजूत घालून घेतली. २८ तारखेला उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना नांदेड-नागपूर मार्गावरची एस.टी. बस वाहून गेली आणि त्यात माणसे दगावली. ती बातमी आली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचाच घास हातात राहिला. ताडपत्रीखालच्या ढिगांत शेंगांना कोंब फुटले, ते वेगळेच.

ही हत्तीची करणी नव्हती. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी आंध्रातल्या कलिंगपट्टणमच्या थोडे उत्तरेला एक चक्रीवादळ किनाऱ्यावर चढले होते. त्याचे नाव गुलाब. त्या किनाऱ्यापासून दिग्रस सरळ रेषेत सुमारे सातशे किलोमीटर. जमिनीवर आल्यावर त्याचा वारा ओसरला, पण पोटातले पाणी घेऊन ते पश्चिमेकडे चालत राहिले. तेलंगण, विदर्भ, मराठवाडा ओलांडून गुजरातेवरून ते अरबी समुद्रात उतरले, तिथे त्याने पुन्हा बळ धरले, शाहीन असे नवे नाव घेतले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर जाऊन आदळले. आमच्या अंगणावरून गेले तेव्हा त्याचे पहिले नाव पुसले गेले होते आणि दुसरे अजून मिळायचे होते.

त्या दिवशी वीज नव्हती. कंदिलाच्या उजेडात माझ्या नातीने मला दोन प्रश्न विचारले. एवढी नासाडी करणाऱ्याला गुलाब असे नाव कुणी ठेवले, हा पहिला. तो सोपा होता. उत्तर हिंदी महासागराभोवतीचे देश आळीपाळीने नावे सुचवतात आणि हे नाव पाकिस्तानने सुचवले होते. दुसरा प्रश्न असा, की वादळ सायकलच्या चाकासारखे गोल फिरते म्हणून त्याला सायक्लोन म्हणतात का. मी हो म्हणून मोकळा झालो. पण मनात शंका राहिली, कारण वादळ गोल फिरते हे मुळात कळले कुणाला? वरून पाहायला तेव्हा विमान नव्हते, उपग्रह तर नव्हताच. वादळात सापडलेल्या माणसाला तर फक्त तोंडावर येणारा वारा कळतो. या शंकेचा माग काढता काढता मी कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टन नावाच्या साहेबापर्यंत पोचलो.

दर्यावर्दी लोकांत आणि हवामानशास्त्रज्ञांत हे नाव मोठे आहे. अमिताव घोष यांच्या द हंग्री टाइड या २००४ साली आलेल्या कादंबरीमुळे ते सामान्य वाचकांपर्यंतही गेले. पण आपल्याकडे मराठीत त्याच्याविषयी फारसे कुणी बोलत नाही, आणि दर सप्टेंबर-ऑक्टोबरला आपण त्यानेच दिलेला शब्द वापरतो.

पिडिंग्टन १७९७ साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात अकफिल्ड या गावी जन्मला. तरुणपणी व्यापारी जहाजांवर लागला आणि हिंदुस्थान व चीनकडच्या सफरी करीत कप्तान झाला. शिडांची जहाजे होती ती. वारा हेच त्यांचे इंजिन आणि वारा हाच त्यांचा वैरी. १८३० च्या सुमारास त्याने समुद्र सोडला आणि कलकत्त्यात बस्तान बसवले. तिथून पुढे त्याने काय केले नाही हेच विचारायला हवे. हिंदुस्थानातल्या वनस्पतींची सूची १८३२ साली छापली. एशियाटिक सोसायटीच्या कामात पडला. आर्थिक भूगर्भशास्त्राच्या संग्रहालयाचा तो व्यवस्थापक झाला. गोऱ्या सोजिरांनी दारूऐवजी कॉफी प्यावी म्हणून त्यांना उद्देशून एक छापील पत्र लिहिले. त्याचा किती जणांवर परिणाम झाला कोण जाणे! आणि आम्हा यवतमाळ जिल्ह्याच्या लोकांना जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे कापूस, तंबाखू, ऊस आणि चहा यांना कोणती जमीन मानवते यावरही त्याने मातीचे नमुने तपासून लिहिले. कापसाच्या मातीचा विचार करणारा माणूस पुढे वादळांचा माग काढू लागला, हा योगायोग मला तरी फार आवडला.

वादळांकडे तो वळला तो एका पुस्तकामुळे. पण त्याआधीची थोडी हकीकत सांगायला हवी. १८२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ईशान्य भागात मोठे वादळ झाले. त्यानंतर विल्यम रेडफिल्ड नावाचा खोगिरे तयार करणारा एक कारागीर त्या मुलखातून पायी जात होता. एका भागात झाडे एका दिशेला आडवी झालेली आणि काही मैल पुढे गेल्यावर नेमकी उलट्या दिशेला. एकच वादळ दोन्हीकडे उलटसुलट कसे वाहील? ते भोवऱ्यासारखे फिरत असले तरच. दहा वर्षे विचार करून १८३१ साली त्याने हे छापले. त्याच वर्षी बार्बेडोस बेट वादळाने उद्ध्वस्त झाले आणि तिथे पुन्हा उभारणी करायला गेलेल्या विल्यम रीड या इंग्रज लष्करी इंजिनिअरने तोच धागा पुढे नेला. रीडचे वादळांच्या नियमाविषयीचे पुस्तक १८३८ मध्ये निघाले आणि ते कलकत्त्यात पिडिंग्टनच्या हाती पडले.

आता हा माणूस स्वतः कप्तान होता. वादळात डोलकाठी मोडताना काय आवाज होतो, हे त्याला पुस्तकातून कळायचे नव्हते. त्याच्या काळचा सामान्य खलाशी वादळ आले की पाठीवर वारा घेऊन पळत सुटे. वारा सरळ वाहत असता तर ते ठीकच होते. पण तो गोल वाहत असेल तर पळणारे जहाज वादळाभोवती प्रदक्षिणा घालीत राहणार, आणि जरा तोल गेला की थेट त्याच्या पोटात शिरणार. पिडिंग्टनने ठरवले, की बंगालच्या उपसागराचे वादळ नेमके कसे चालते ते शोधून काढायचे.

कसे शोधायचे? त्याची रीत इतकी साधी आहे, की घरच्या मुलांनाही ती समजावी. प्रत्येक जहाजावर रोजनिशी असते. कोणत्या घटकेला जहाज कुठे होते, वारा कोणत्या दिशेचा, वायुभारमापकातला पारा किती, आभाळ कसे, हे सगळे त्यात लिहिलेले. वादळ होऊन गेले, की पिडिंग्टन त्या मुलखातून आलेल्या जहाजांच्या रोजनिश्या गोळा करी. बंदरांचे अधिकारी, दीपस्तंभ, किनाऱ्यावरच्या कचेऱ्या यांच्याकडूनही तो टिपणे मागवी. मग नकाशा पसरायचा. एका दिवशी दुपारी जे जहाज जिथे होते तिथे ठिपका द्यायचा आणि त्या ठिपक्यावर वाऱ्याचा बाण काढायचा. एकाच जहाजाच्या बाणावरून काही कळत नाही. पण दहा-पंधरा जहाजांचे बाण मांडले की ते एका अदृश्य खांबाभोवती फेर धरलेले दिसतात. तो खांब म्हणजे वादळाचे केंद्र. दुसऱ्या दिवशीच्या दुपारचे बाण मांडले की फेर थोडा पुढे सरकलेला असतो. अशी रोजची केंद्रे रेघेने जोडली की वादळ कुठे जन्मले, कोणत्या वाटेने आले आणि कुठे जमिनीवर चढले, ते सगळे कागदावर उतरते. आज दूरचित्रवाणीवर निवेदिका वादळाची जी वाकडी रेघ दाखवते, तीच ही रेघ. फरक एवढाच, की ती रेघ वादळाच्या पुढे जाते आणि पिडिंग्टनची त्याच्या मागून, कित्येक महिन्यांनी, कधी वर्षाने येई.

१८३९ च्या जूनमधल्या वादळावर त्याचा पहिला निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आजच्या काकीनाडाजवळचे कोरिंगा हे बंदर वादळाने आणि समुद्राच्या लाटेने धुऊन नेले, त्यावर दुसरा. मग हा क्रम पुढे कित्येक वर्षे थांबला नाही. कलकत्त्यात जहाज बुडाल्यावर जी चौकशी न्यायासने बसत, त्यांचाही तो अध्यक्ष झाला. त्यामुळे बुडालेल्या जहाजांचे कप्तान आणि वाचलेले खलाशी त्याच्यासमोर उभे राहून हकीकत सांगत. कोण चुकला हे ठरवणे त्याचे काम होते, पण वारा कुठून कुठे फिरला हे तो मनात टिपून घेत असणार, यात मला तरी शंका वाटत नाही. याच दशकात मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेचे काम काही काळ आपल्या बाळशास्त्री जांभेकरांकडे होते. दर्पणकार एवढीच ज्यांची ओळख आपण ठेवली आहे, ते वायुभार आणि पाऊस यांच्या नोंदींतही होते, हे जाता जाता सांगितलेले बरे.

पिडिंग्टनच्या निबंधांतल्या दोन हकिकती मी नातीला गोष्टी म्हणून सांगितल्या. पहिली १८४४ च्या नोव्हेंबरातली. रनिमीड हे जहाज इंग्लंडहून आणि ब्रिटन हे सिडनीहून, दोन्ही सैनिकांना घेऊन कलकत्त्याला निघालेली. सैनिकांबरोबर त्यांच्या बायका-मुलेही होती. अंदमानच्या पूर्वेला दोघांना एकाच वादळाने गाठले. एकाला दुसऱ्याची खबर नव्हती. रात्री काळोखात दोन्ही जहाजे उचलली गेली आणि खडकांवरून पार पलीकडे, बेटावरच्या खारफुटीच्या झाडांत नेऊन टाकली गेली. उजाडल्यावर रनिमीडवरच्या लोकांनी पाहिले तर जवळच दुसरे जहाज तसेच झाडीत रुतलेले. पुढे कित्येक आठवडे त्या निर्जन किनाऱ्यावर काढावे लागले, पण शेकडो माणसांतली बहुतेक सगळी वाचली. नातीला नवल वाटले ते दोन जहाजांच्या भेटीचे. पिडिंग्टनला नवल वाटले ते पाण्याचे. एवढी मोठी जहाजे खडक ओलांडून झाडीत जातात, याचा अर्थ वादळ आपल्याबरोबर समुद्राची पातळीच उचलून आणते. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा निराळ्या आणि हा पाण्याचा चढता डोंगर निराळा. हे त्याच्या मनात पक्के बसले आणि पुढे त्यावरूनच त्याची आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई झाली.

दुसरी हकीकत चार्ल्स हेडल या दोन डोलकाठ्यांच्या छोट्या जहाजाची. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसच्या जवळ ते वादळात सापडले आणि कप्तानाने जुन्या रीतीप्रमाणे पाठीवर वारा घेऊन पळ काढला. दिवसरात्र ते धावत राहिले. पिडिंग्टनने त्याची रोजनिशी नकाशावर मांडली तेव्हा दिसले, की पाच दिवसांत त्या जहाजाने वादळाभोवती पाच फेऱ्या मारल्या होत्या! तेराशे मैलांच्या आसपास धाव झाली होती आणि प्रत्यक्षात निघाल्या जागेपासून ते साधारण चौथाई अंतरच सरकले होते. घाण्याच्या बैलासारखी गत. वादळ गोल फिरते याचा याहून चांगला पुरावा कुणी मागू नये. ते जहाज बुडाले असते तर हा पुरावाही समुद्राच्या तळाशी गेला असता.

१८४८ साली या सगळ्या अभ्यासाचे सार त्याने एका पुस्तकात आणले. त्याचे नाव द सेलर्स हॉर्न-बुक. हॉर्न-बुक म्हणजे इंग्रजी मुलांची जुनी अंकलिपी. अक्षरांच्या कागदावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेली. पंडितांसाठी नव्हे तर शाळा थोडकी शिकलेल्या खलाशांसाठी हे पुस्तक आहे, हे त्याने नावातच सांगून टाकले. आणि पुस्तकाबरोबर खरोखरच शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या दिल्या. एक विषुववृत्ताच्या उत्तरेसाठी, एक दक्षिणेसाठी, कारण दोन्हीकडे वादळ उलट दिशांनी फिरते. चकतीवर वर्तुळे आणि वाऱ्याचे बाण छापलेले. कप्तानाने ती आपल्या नकाशावर ठेवायची, आपल्याला लागणारा वारा चकतीवरच्या बाणाशी जुळेपर्यंत ती सरकवायची, की वादळाचे केंद्र कोणत्या बाजूला आहे ते नकाशावरच दिसते. खलाशाच्या खिशात मावेल असे हे यंत्र. तेल नको, चावी नको.

याच पुस्तकात त्याने तो शब्द घडवला. तोवर लोक हरिकेन, टायफून, गेल, तुफान असे कितीतरी शब्द वापरत, आणि कुणी जोराच्या वाऱ्याला एक म्हणे तर कुणी दुसरे. पिडिंग्टनला असा शब्द हवा होता, की जो वाऱ्याचा जोर सांगणार नाही, फक्त त्याची गोल चाल सांगेल. ग्रीक भाषेत वेटोळ्याचा अर्थ देणारा शब्द त्याने घेतला आणि त्यावरून सायक्लोन केला. त्याच्या मनात सापाचे वेटोळे होते. म्हणजे सायकलच्या चाकाचे माझे उत्तर चुकले होते. सायकलशी नाते आहे ते चुलत. दोघांच्या पूर्वजात एकच ग्रीक चक्र बसले आहे. नातीकडे जाऊन मी चूक कबूल केली. तिने सापाचे वेटोळे जास्त पसंत केले.

त्याने खलाशाला दिलेला नियम मात्र चकतीवाचूनही वापरता येतो. विषुववृत्ताच्या उत्तरेला उभे असाल तर वाऱ्याकडे तोंड करायचे आणि उजवा हात आडवा पसरायचा. बोट जिकडे जाईल तिकडे वादळाचे केंद्र. मग थांबायचे आणि पाहायचे. वारा हळूहळू दिशा बदलत गेला तर वादळ आपल्या एका बाजूने निघून चालले आहे. वारा एकाच दिशेने चिकटून राहिला, नुसताच वाढत गेला आणि पारा झरझर उतरू लागला, तर आपण नेमके त्याच्या वाटेवर उभे आहोत. पारा तासाला किती उतरतो त्यावरून केंद्र अंदाजे किती मैलांवर असेल, याचे कोष्टकही त्याने करून दिले. एवढ्यावर किती जहाजांनी वेळेवर सुकाणू फिरवले असेल, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

यात एक खोट होती, तीही सांगायला हवी. वारा केंद्राभोवती अगदी वर्तुळात वाहत नाही. तो आतल्या बाजूला ओढला जात, गोगलगाईच्या शंखासारखा वळत जातो. त्यामुळे उजव्या हाताचे बोट थोडे मागे न्यावे लागते. हे मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रम या शास्त्रज्ञाने पुढे पुष्कळ नोंदी जमवून दाखवून दिले. वारा थोडा आत वळतो हे पिडिंग्टनच्या ध्यानात आले होते, पण नियम सोपा राहावा म्हणून त्याने वर्तुळच धरले. सोपेपणासाठी मोजलेली ही किंमत होती. खलाशाला भर वादळात अवघड नियम आठवत नाही, हे कप्तानालाच माहीत.

आता त्या लढाईकडे येतो. कलकत्ता समुद्रापासून आत, हुगळी नदीवर. नदी गाळाने भरत चालली, एक दिवस जहाजे कलकत्त्याला येऊ शकणार नाहीत, अशी भीती तेव्हा सगळ्यांना होती. म्हणून सुंदरबनाच्या कडेला मातला नदीवर नवे बंदर वसवायचे घाटत होते. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल. सरकारात कुणाला शंका नव्हती. पिडिंग्टनने नकाशे पाहिले आणि त्याला अंदमानच्या झाडीतली ती दोन जहाजे आठवली असतील. मातला नदी समुद्राला रुंद तोंडाने उघडी आहे. वादळ त्या बाजूने आले तर पाण्याचा डोंगर थेट नदीतून आत येणार. हुगळीवरचे कलकत्ता खूप आत आहे; हे नवे बंदर तसे नाही. १८५३ साली त्याने डलहौसीला उद्देशून एक जाहीर पत्र छापले. त्याचा विषयच मुळी बंगालच्या उपसागरातल्या वादळांच्या लाटा आणि सुंदरबनावर होणारे त्यांचे परिणाम. बंदर बांधाल तर एक ना एक दिवस समुद्र ते बुडवील, असा त्याचा सरळ इशारा होता.

कुणी ऐकले नाही. त्याचा जन्म समुद्रावर गेला आहे, पण मातीच्या नमुन्यांत आणि वादळांच्या रेघांत रमलेला हा म्हातारा, सरकारच्या योजनेत खोडा घालतो, असे लोकांना वाटले असावे. माझा अंदाज असा, की त्याच्या आड सगळ्यात जास्त आले ते हे, की त्याने तारीख सांगितली नव्हती. तारीख न सांगता दिलेला इशारा माणसाला कटकट वाटते. आणि वादळाची तारीख आधी सांगणे त्या काळी कुणालाही शक्य नव्हते.

एप्रिल १८५८ मध्ये पिडिंग्टन कलकत्त्यात वारला. एकसष्ट वर्षांचे वय. बंडाच्या धामधुमीचा काळ, त्यामुळे त्याच्या मृत्यूकडे फार कुणाचे लक्ष गेले नसावे. बंदराचे काम पुढे चालले. त्याला नव्या गव्हर्नर जनरलचे नाव देऊन पोर्ट कॅनिंग केले. कलकत्त्याहून तिथवर रेल्वे गेली. मग कंपनी निघाली, आणि तिच्या शेअरांचे वेड लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ. मुंबईत पैसा इतका साचला होता, की तो कुठे घालावा हे समजेना. पोर्ट कॅनिंगच्या शेअरांच्या मागे मुंबईचे सट्टेबाजही धावले. त्या पैशात आमच्या वऱ्हाडच्या पऱ्हाटीचाही अंश असणार, असे म्हटले तर ते अगदीच कल्पनेतले ठरणार नाही.

५ ऑक्टोबर १८६४ रोजी वादळ आले, पण ते हुगळीच्या तोंडावर. लाट नदीतून वर चढली. बंदरातली जहाजे एकमेकांवर रचली गेली आणि नदीकाठच्या खेड्यांत पन्नास हजारांवर माणसे मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या आरंभी दुसरे वादळ मच्छलीपट्टणमवर गेले आणि तिथेही हजारो बुडाले. आता मात्र सरकार हादरले. हेन्री ब्लॅनफर्ड आणि त्याचे सहकारी यांनी पिडिंग्टनच्याच रीतीने नोंदी जमवून कलकत्त्याच्या वादळाचा अहवाल लिहिला. तारायंत्र आलेच होते. किनाऱ्यावरच्या ठिकाणांहून तारेने वाऱ्याची आणि पाऱ्याची खबर घ्यायची आणि कलकत्ता बंदरात धोक्याची खूण चढवायची, अशी व्यवस्था १८६५ पासून सुरू झाली. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख. वादळाची रेघ त्याच्या मागून न येता बरोबरीने येऊ लागली ती इथून.

आणि पोर्ट कॅनिंग? १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ मातलेच्या बाजूने आले. त्या मानाने लहानच. लाटही सुमारे सहा फुटांची. तेवढ्याने धक्के, गुदामे, रेल्वेचे ठाणे उखडले. पिडिंग्टनने पत्र लिहून चौदा वर्षे आणि त्याला जाऊन नऊ वर्षे झाली होती. बंदर पुन्हा सावरले नाही. आणखी काही वर्षांनी ते सोडूनच दिले. कॅनिंग आज गजबजलेले गाव आहे, सियालदाहून लोकल गाडी तिथे जाते आणि सुंदरबनाला जाणारे प्रवासी तिथून पुढे निघतात. मोठी जहाजे मात्र तिकडे येत नाहीत.

पिडिंग्टनला जे जमले नाही ते आज जमते. वादळ समुद्रात जन्मते तेव्हाच उपग्रह त्याला पाहतो. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशाच्या महावादळात दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. २०१३ साली फायलिन त्याच किनाऱ्यावर गोपाळपूरजवळ आले तेव्हा आधीच जवळजवळ दहा लाख लोकांना सुरक्षित जागी हलवले होते आणि मृतांचा आकडा काही डझनांवर राहिला. मधल्या चौदा वर्षांत निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली. २०२० च्या जूनमध्ये आपल्या कोकणात श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर निसर्ग वादळ आले, तेव्हाही माणसे हलवली म्हणून वाचली. नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र कुणाला हलवता येत नाहीत.

गुलाबच्या वेळी आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर अशीच तयारी झाली. आमच्याकडेही बातमी होती. दूरचित्रवाणीवर ती वाकडी रेघ कलिंगपट्टणमवर न थांबता पुढे विदर्भावरून ओढलेली मी स्वतः पाहिली होती. पण आम्ही ती समुद्राकाठच्या लोकांची बातमी म्हणून पाहिली आणि जेवायला बसलो. २७ तारखेला सकाळपासून वारा उत्तरेच्या अंगाने येत होता, एरवी पावसाळ्यात पश्चिमेचा असतो तसा नव्हता. मी गच्चीवर पत्र्याला दगड ठेवायला गेलो होतो, त्यामुळे ते नीट आठवते. तेव्हा वाऱ्याकडे तोंड करून उजवा हात पसरला असता तर बोट पूर्वेला, तेलंगण-छत्तीसगडच्या बाजूला गेले असते. गुलाब त्या वेळी तिकडेच होते.

नातीला तो खेळच झाला आहे. वारा सुटला की ती गच्चीवर जाते, तोंड फिरवते, हात पसरते आणि खाली येऊन दिशा सांगते. आमच्यासारख्या आतल्या मुलखात डोंगर-टेकड्यांनी वारा वाकतो, त्यामुळे बहुतेक वेळा तिचे बोट नुसत्याच एखाद्या उन्हाळी ढगाकडे जाते. त्यानंतरच्या एका सप्टेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र झाल्याची बातमी आली आणि रेघ पुन्हा विदर्भाकडे आली. आम्ही शेजारच्या दोघांना बोलावून सोंगलेले सोयाबीन बांधावरच्या उंच जागी ओढले, खाली तुराट्यांचा थर दिला, वर दोन ताडपत्र्या घालून कडेने दगड लावले. त्यात एक आख्खा दिवस आणि मजुरी गेली. वादळ छत्तीसगडवरूनच उत्तरेला वळले. आमच्याकडे चार थेंब पडले. तिसऱ्या दिवशी ताडपत्र्या सोडल्या, ढिगाला ऊन दिले आणि मळणीयंत्र सांगायला गावात गेलो.